लवंगेचा वास

तलवार कमरेला लावायची नाही, असा हुकूम वसंतात आला आणि त्याच वसंतात आमच्या घरी रेशीमकिडे आले. तलवार आतल्या खोलीत कोनाड्यात गेली, किडे पुढच्या बैठकीत. तिथे पूर्वी पाहुणे बसत.

हे किडे मेले तर घर विकून उत्तरेला जायचं, बर्फातलं जंगल तोडून वसाहत करायची, हे ठरलेलं होतं. माझ्या नवऱ्याच्या, हानजुरोंच्या, बरोबरीचे बरेच सामुराई गेले होते. काहींची खबर आली नव्हती.

तिसरी कात टाकल्यावर किड्यांनी खाणं सोडलं. सगळ्यांनी नाही. खिडकीकडच्या परड्यांत तुतीची पानं करकर संपत होती. भिंतीकडच्या परड्यांतले किडे मान उचलून नुसते डोलत होते.

आम्हाला अंडी विकणारी ओतोरा बघायला आली. एके काळी ती आमच्या दारावरून मान खाली घालून जायची.

"काय सरदार, तुमच्या फौजेने उपास धरलाय का?"

हानजुरोंचा डावा हात कमरेशी गेला, तिथे काही नव्हतं, परत आला.

"थट्टा राहू द्या, पण सेईबाई, रोग असेल तर आजच जाळून टाका. बाकीचे तरी वाचतील."

मी जाळले नाहीत. रोग असता तर शेजारच्या परडीत पसरला असता. पानं एकाच झाडाची होती. फरक इतकाच, की भिंतीकडे पानं ते घालत आणि खिडकीकडे मी. हात तर ते माझ्यापेक्षा जास्त वेळा धूत.

पण पानं घालण्याच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये ते काय करत? हुकूम आल्यापासून त्यांना स्वस्थ बसवत नव्हतं. येरझाऱ्या घालत, मग कोनाड्यापाशी जाऊन तलवार काढत, पुसत, तेल लावत. लवंगेचं तेल. ते नुसत्या पाण्याने जात नाही.

मी एका पानाला त्या तेलाचं बोट लावलं आणि खिडकीकडच्या धडधाकट किड्यापुढे धरलं. त्याने तोंड फिरवलं.

"अहो, जरा इकडे बघा."

त्यांनी पाहिलं. मग स्वतःची बोटं नाकाशी नेली.

"म्हणजे मी मारतोय यांना?"

"तुम्ही नाही. तेल."

"या दमट हवेत तेल लावलं नाही तर गंज चढेल, सेई. आजोबांची तलवार आहे."

"माहीत आहे."

ते अंगणात निघून गेले. बराच वेळ राखेने हात घासण्याचा आवाज येत राहिला. मी भिंतीकडच्या परड्यांतली पानं काढून ताजी घातली. संध्याकाळपर्यंत बरेचसे किडे खाऊ लागले. बाकीचे मी उचलून टाकले.

त्यानंतर हानजुरो कोनाड्याकडे फिरकले नाहीत. येरझाऱ्या मात्र वाढल्या. पान घालण्याआधी दर वेळी ते बोटं हुंगत.

पावसाची झड लागली. एका दुपारी ते परडीवरून मान न उचलता म्हणाले, "तू जाऊन बघ."

"मी?" आमच्यात बायका तलवारीला हात लावत नाहीत.

"मी हातात घेतली तर तेल लावल्याशिवाय ठेववणार नाही."

मी बाहीने मूठ धरून तलवार थोडी उपसली. टोकाकडे नाही, मुठीजवळच एक तपकिरी ठिपका होता, किड्याच्या अंड्याएवढा. मी तलवार म्यानात सारली.

बैठकीत किडे इतक्या जोरात खात होते, की पाऊस आत आल्यासारखं वाटत होतं. हानजुरो माझ्या तोंडाकडे बघत होते.

"पानं संपत आलीत," मी म्हणाले.

त्यांनी एकदा आतल्या खोलीकडे पाहिलं. मग उठले, ओतोराकडून आणलेला विळा घेतला आणि पावसात तुतीकडे गेले.