लोकरीची पिशवी आणि सुजलेली जीभ

मानवजातीने आजवर जे काही कमावलं आणि जे काही घालवलं ते सगळं जिभेच्या जोरावर, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. राज्यं जिभेने उभी राहिली, तह जिभेने झाले, लग्नं जिभेने जुळली आणि बरीचशी जिभेनेच मोडली. सिंहाला पंजा मिळाला, गरुडाला पंख मिळाले. माणसाच्या हाती निसर्गाने जीभ ठेवली आणि म्हणाला, जा, जग जिंक.

आमच्या आर्डेन क्विस्टाडने या देणगीचा उपयोग अळ्या ऊबदार ठेवण्यासाठी केला.

इथे मिनेसोटात फेब्रुवारीत पारा शून्याखाली तीसवर जाऊन बसतो. स्कॉग तळ्यावर ट्रक खुशाल फिरतात आणि बर्फाला भोकं पाडून आम्ही मासे धरतो. गळाला लावायच्या त्या मेणअळ्या. पांढऱ्या, गुबगुबीत आणि स्वभावाने गरीब. पण डबी उघडली की पाच मिनिटांत त्यांचे खडे होतात, आणि पर्च हा मासा खडे खात नाही. तेव्हा जुने लोक चारपाच अळ्या खालच्या ओठामागे ठेवतात, जीभ अलगद वर ठेवतात आणि लागेल तशी एकेक काढतात. हे सगळ्या गावाला माहीत आहे. चर्चनंतरच्या कॉफीला मात्र हा विषय कोणी काढत नाही.

लव्हॉनला, म्हणजे आर्डेनच्या बायकोला, हे कळलं लग्नाच्या चौदाव्या वर्षी. ती कौतुकाने थर्मासमधून गरम सूप घेऊन तळ्यावर गेली. तिला बघून आर्डेनला आनंद झाला आणि तो मनापासून हसला. तिथेच चुकलं.

"आर्डेन," ती म्हणाली, "ते पुन्हा तुझ्या तोंडात गेलं तर ते तोंड माझ्याजवळ आणायचं नाही."

आर्डेनने शब्द दिला. लव्हॉन न्यायी बाई. नुसतं बंद कर म्हणून ती थांबली नाही, तिने उपायही दिला. कोकराच्या लोकरीची एक छोटी पिशवी विणली. तिच्यात अळ्यांची डबी ठेवायची आणि पिशवी गळ्यात अडकवून कोटाच्या आत घालायची. पुढे दर नाताळला एक नवी पिशवी. अशा सव्वीस झाल्या. आर्डेन दर वेळी पिशवी गळ्यात घालून निघे, तळ्यावर पोचला की तिच्यात चष्मा ठेवी आणि अळ्या ओठामागे. परतताना धान्याच्या कोठाराच्या वळणावर ट्रक थांबवून तो तीन पेपरमिंटच्या गोळ्या चघळी. लव्हॉन सव्वीस वर्षं मैत्रिणींना सांगत आली, की आमच्या आर्डेनचं तोंड कसं नेहमी ताजं असतं.

यंदा त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. रविवारी चौदा माणसं घरी जेवायला यायची होती आणि बेत ठरला होता तळलेल्या पर्चचा. त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, आर्डेन उठला तो तोंडात पोळपाट घेऊनच.

शहाणा माणूस डॉक्टरकडे गेला असता. आर्डेन बर्नाडीनच्या कॉफीच्या दुकानात आला आणि माझ्यासमोर बसला. त्याचं त्या दिवशीचं बोलणं मी इथे सरळ करून लिहितो आहे. प्रत्यक्षात ते उकडलेला बटाटा बोलावा तसं येत होतं.

"एक चावली बहुतेक," तो कुजबुजला. "कालचीच. जरा दांडगी वाटत होती."

"अळ्या चावत नाहीत रे."

"मग ही जीभ काय हौसेने सुजली?"

"डॉक्टरकडे चल."

"डॉक्टर विचारणार, तोंडात काय घातलं होतं? लव्हॉन शेजारी बसलेली असणार. रविवारी चाळीस वर्षं होताहेत. चाळीस होऊ देत, मग मरतो."

एवढ्यात बर्नाडीन कॉफी घेऊन आली आणि कपाऐवजी आर्डेनकडे बघत बसली. "तोंड उघड. अगंबाई! हे त्या पेपरमिंटचं. माझ्या मावशीची दालचिनीच्या च्युइंगमने अशीच झाली होती. लालभडक. गोळ्या बंद कर."

गोळ्या बंद म्हणजे ताजं तोंड बंद. आर्डेनने खिशातली पुडी घट्ट धरली.

"नाहीतर रक्तात ते जीवनसत्त्व कमी असेल," बर्नाडीन पुढे म्हणाली. "बी बारा. त्यानेही जीभ सोलल्यासारखी होते. नाहीतर गरम सूप घाईने प्यायला असशील. नाहीतर दात घासायची नवी पेस्ट." तिच्याकडे अजून बरीच कारणं होती, पण पलीकडच्या टेबलावरून ऑर्व्हिन रुड उठून आला. ऑर्व्हिनने चव्वेचाळीस वर्षं गाईंवर उपचार केले. निवृत्तीनंतरही माणूस समोर आला की त्याची नजर आधी खुरांकडे जाते.

"जीभ बाहेर," ऑर्व्हिन म्हणाला. दोन बोटांनी ती धरून त्याने उजेडाकडे फिरवली. "गाईची असती तर मी ‘लाकडी जीभ’ नावाचा रोग म्हणालो असतो. आयोडीन दिलं असतं आणि चारा बदलला असता."

"मग दे आयोडीन," आर्डेन आशेने म्हणाला.

"तू गाय नाहीस. गाय ऐकते." ऑर्व्हिनने बोटं पुसली आणि मग त्याचा चेहरा बदलला. "आर्डेन, ती लाळ गीळ बघू."

आर्डेनने प्रयत्न केला. लाळ हनुवटीवरून खाली आली.

"सकाळपासून वाढते आहे की तेवढीच आहे?"

"वाढते आहे."

"बर्नाडीन, ॲम्ब्युलन्स किती लांब आहे?"

बर्नाडीनने फोन आधीच लावला होता. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, यायला चाळीस मिनिटं. इस्पितळ दहा मिनिटांवर. "आत्ता न्या त्याला," ऑर्व्हिन मला म्हणाला. "वाटेत श्वासाला जड गेलं तर इस्पितळाला फोन करा, ते दारात उभे राहतील. आणि त्याला आडवा करू नका."

त्या थंडीत गावात चटकन चालू होईल असं इंजिन फक्त माझं होतं, कारण ते गोठू नये म्हणून मी ट्रकचा हीटर रात्रभर विजेला जोडून ठेवतो. आर्डेनला बसवलं तोच दुसरं दार उघडलं आणि विणकामाची थैली घेऊन लव्हॉन आत चढली. बर्नाडीनने दुसरा फोन कोणाला केला होता ते तेव्हा कळलं.

"सकाळी मला का नाही उठवलंस?"

आर्डेनने जिभेकडे बोट दाखवलं. त्या दिवशी जिभेचा त्याला झालेला हा एकमेव उपयोग.

इस्पितळात त्याला चाकाच्या खुर्चीवरून थेट आत नेलं. लव्हॉन खिडकीशी कागद भरत राहिली. नर्सने विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" आर्डेनने मान हलवून नाही सांगितलं. माणूस खोटं बोलत नव्हता. आमच्याकडे रक्तदाबाची गोळी औषधात धरत नाहीत, न्याहारीत धरतात.

डॉक्टर हिबो वरसमे तरुण बाई, डोक्याला निळा रुमाल, चालणं भराभर. तिने घसा बघितला, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला, इंजेक्शनं द्यायला सांगितली आणि नळी घालायचं सामान जवळ आणून ठेवलं. ते सामान बघून आर्डेन एकदम आज्ञाधारक झाला. तोवर लव्हॉन आत येऊन खुर्चीवर बसली होती. तिने थैलीतून सुया काढल्या आणि विणायला लागली. लाल लोकर, छोटंसं काहीतरी. सत्ताविसावी पिशवी होती ती, लग्नाच्या वाढदिवसाची.

"मिस्टर क्विस्टाड," डॉक्टर म्हणाली, "सध्या श्वास ठीक आहे. पण हे कशामुळे झालं ते मला कळायलाच हवं. ती गोष्ट पुन्हा पोटात गेली तर पुढच्या वेळी घसा बंद होऊ शकतो. काल-परवात तोंडात काय काय गेलं ते सगळं सांगा. नवीन, जुनं, खायचं, न खायचं."

आर्डेनने माझ्याकडे बघितलं. "लव्हॉनला जरा ते कॉफीचं मशीन दाखवून आण."

"मी कॉफी प्यायले आहे," लव्हॉन म्हणाली. सुया चालूच.

"मग खिडकीतून बर्फ..."

"बर्फ मी बघितलेला आहे, आर्डेन."

एकीकडे चाळीस वर्षांचा संसार, दुसरीकडे स्वतःचा घसा. आर्डेनने डोळे मिटले.

"अळ्या," तो म्हणाला.

"अळ्या खाल्ल्यात?"

"खात नाही हो! नुसत्या ठेवतो. ओठामागे."

"किती?"

"पाच. थंडी जास्त असली तर सात."

"जिवंत?"

"मेलेल्यांचा काय उपयोग?"

डॉक्टरचा चेहरा तसूभर हलला नाही. तिने टंकलं, थांबली, पडद्यावर वरखाली शोधलं. एवढ्या मोठ्या यंत्रात यासाठी रकाना नव्हता. "कधीपासून?"

"सदतीस वर्षं. मधे एक दिवस बंद होतं."

सुया थांबल्या. त्या खोलीत आता फक्त प्राणवायूचं यंत्र टिकटिकत होतं, आणि मला ते यंत्र लव्हॉनलाच जोडावं असं वाटत होतं.

"सगळंच सांगायचं चाललं आहे," लव्हॉन थंडपणे म्हणाली, "तर हेही लिहून घ्या डॉक्टर, की हा माणूस तीन वर्षं रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतो." आणि पर्समधून बाटली काढून तिने टेबलावर आपटली.

डॉक्टरने बाटलीवरचं नाव वाचलं. कळफलक बाजूला सारला.

"हेच ते."

"काय हेच?"

"या जातीच्या गोळ्यांनी काही लोकांची जीभ आणि ओठ असे सुजतात. वर्षानुवर्षं काही होत नाही आणि एक दिवस होतं. ही गोळी आजपासून बंद, आणि या घराण्यातली दुसरीही कधी घ्यायची नाही. मी वेगळी देते. दुखतं आहे ते सुजलेली जीभ दातांखाली येऊन चावली गेल्यामुळे. त्या खुणा दिसताहेत. संध्याकाळपर्यंत इथेच थांबा, आम्ही लक्ष ठेवतो."

"आणि अळ्या?" आर्डेनने क्षीण आवाजात विचारलं.

"अळ्यांचा काही संबंध नाही."

आर्डेनने छताकडे बघितलं. जगात इतकी निरुपयोगी कबुली फारच थोड्यांनी दिली असेल.

"एक मात्र नीट ऐका," डॉक्टर म्हणाली. "जीभ भराभर सुजायला लागली, आवाज बदलला, लाळ गिळता येईना, की तडक इथे यायचं. कॉफीच्या दुकानात नाही. गाईच्या डॉक्टरने तुम्हाला पाठवलं हे तुमचं नशीब." दाराशी ती जरा घुटमळली. "आणि जीभ बरी होईपर्यंत तोंडात जिवंत काही ठेवू नका." थोडा विचार करून ती म्हणाली, "नंतरही नको."

संध्याकाळी मी दोघांना घरी सोडलं. लव्हॉन वाटेत एकच वाक्य बोलली, तेही कोठाराच्या वळणावर. "म्हणजे ते पेपरमिंट." आर्डेन ओसरत आलेली जीभ तोंडात धरून मान खाली घालून बसला.

गुरुवारी तिने त्याला लापशी दिली, न बोलता. शुक्रवारी तिने सव्वीस पिशव्या कपाटातून काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ओळीने मांडल्या आणि त्यातल्या नऊ पिशव्यांतून चष्मा पुसायची नऊ फडकी काढली. आर्डेनने मला फोन केला. "रविवारी पाहुणे येणार की नाही, तेच कळत नाही. विचारायची हिंमत होत नाही. जीभ बरी झाली आहे, पण ती वापरू कुठे?"

शनिवारी सकाळी मी तळ्यावर गेलो तर आर्डेन बालदी उलटी घालून भोकापाशी बसलेला, आणि शेजारच्या बालदीवर लव्हॉन. तीन कोट, दोन टोप्या, गळ्यात लाल लोकरीची सत्ताविसावी पिशवी.

"ही विणलेली वस्तू काम करते," ती मला म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं. "सव्वीस वर्षांत हिला कोणी संधीच दिली नाही."

मग तिने दाखवायला घेतलं. हातमोजा काढला, पहिल्या कोटाची चेन उघडली, दुसऱ्याची उघडली, तिसऱ्याची बटणं सोडली, पिशवी काढली, पिशवीतून डबी, डबीतून अळी. अळी जिवंत होती, हे कबूल करायला हवं. पण ती गळाला लावेपर्यंत लव्हॉनची बोटं निळी झाली आणि अळी पाण्यात जायच्या आधीच खडा झाली. पर्चने ती हुंगली असेल, खाल्ली नाही. पुन्हा मोजा, कोट, कोट, कोट, पिशवी, डबी. आर्डेन पुढे होऊन मदत करायला गेला तर तिने त्याला नुसतं बघून परत बसवलं.

तासाभराने बालदीत दोन मासे होते. दुसरा तर इतका बारका, की तो चुकून आला असावा.

"चौदा माणसं," आर्डेन हळूच म्हणाला.

"मोजता येतं मला."

"मी म्हणत होतो, चिकन..."

"चाळीस वर्षांपूर्वी तू मागणी घालायला माझ्या बापाकडे काय घेऊन आला होतास? चिकन?"

वारा वाढला. पलीकडे म्हातारा रॅग्नवाल्ड एकामागून एक पर्च ओढत होता. ओठ गच्च मिटलेले, गालाला किंचित फुगवटा. लव्हॉन बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने शेवटची एकदा तिन्ही कोट उघडले, डबी काढली आणि पाच अळ्या तळहातावर घेतल्या. नव्या सुनेकडे बघावं तसं तिने त्यांना खालीवर न्याहाळलं. अळ्या वळवळत होत्या, पण हळूहळू मंदावत होत्या. वेळ थोडा होता.

आर्डेन गळ धरून बसला होता. डॉक्टरच्या हुकमाप्रमाणे त्याचं तोंड रिकामं होतं.

"आर्डेन," ती म्हणाली, "तुझ्या खिशातली एक पेपरमिंट दे."