या वेळी मला ओढू नका

मी शेळी बोलतेय. हो, शेळीच! हसू नका. तुम्ही माणसांनी माझ्या नावाने म्हणी काय कमी रचल्या? शेळीचं शेपूट म्हणे लाज झाकत नाही की माश्या हाकत नाही. दूध दिलं तर म्हणे लेंड्या घालून दिलं. पण कधी कुणी जवळ बसून विचारलं का, की बाई गं, तुझं काय चाललंय?

माझा जन्म शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातला. बाभळीच्या शेंगा खायच्या नि उंडारायचं, एवढंच मला ठाऊक. अडुसष्ट साली त्या घरावर घाला आला. घरच्या म्हातारीची, झुंबरबाईंची, लेक बाळंतपणात गेली. मागे तान्ही पोर राहिली, वेणू. तिच्या बापाने तोंड फिरवलं. तेव्हा झुंबरबाईंची सून कमलबाई पुढे झाली. म्हणाली, "मी घेते हिला मांडीवर. माझी म्हणूनच वाढेल."

कमलबाईची स्वतःची दोन होती, चिंधा आणि सुलू. पण ती आता मोठी झालेली, कमलबाईचं दूध केव्हाच आटलेलं. मग वेणूला दूध कुणाचं? गाईचं तिला पचेना. गावातल्या दुसऱ्या बकऱ्यांचं पाजून पाहिलं, तर पोर ओकून टाकायची. माझंच तेवढं पोटात राहायचं. झालं! माझ्या गळ्यात दावं पडलं ते कायमचं.

त्यातच कमलबाईला धुळ्याला मास्तरणीच्या ट्रेनिंगला प्रवेश मिळालेला. मग काय, पोरं, पुस्तकं, भांडी नि मी, असा सगळा लवाजमा धुळ्याच्या एका गल्लीतल्या खोलीत येऊन पडला. नवरा अभिमनभाऊ वरणगावच्या कारखान्यात नोकरीला. कधीतरी रविवारी यायचा, चहा प्यायचा, "चिंधा वाळला, खोलीत वास येतो," असं सांगून परत जायचा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

सकाळ म्हणजे नुसता शिमगा. एकीकडे भाकर करपतेय, सुलू वेणी घालून दे म्हणून पाय आपटतेय, चिंधाची पाटी सापडत नाही आणि वेणू भोकाड पसरून बसलेली. त्यात कमलबाई माझी धार काढायला बसायची नि तिथेच तिचा पाठ सुरू व्हायचा. ट्रेनिंगला वर्गापुढे पाठ घ्यावे लागत ना, त्याची ही तयारी!

"मुलांनो, आपल्या शहरातून कोणती नदी वाहते?"

मुलांनो म्हणजे कोण? मी आणि माझं करडू! रोज तोच प्रश्न. पांझरा गं बाई, पांझरा! मी ओरडून सांगायचे, तर ती म्हणायची, "गप उभी रहा."

एकदा रागाच्या भरात मी तिच्या बालमानसशास्त्राचं एक पान खाल्लं. मेलं, चवीलाही बरं नव्हतं. मला वाटलं, आता काठी बसणार. पण कमलबाई उरलेलं पुस्तक एका मांडीवर नि वेणूला दुसऱ्या मांडीवर घेऊन मुसमुसत बसली. मलाच कसंतरी झालं. पहिल्या खेपेला ती नापास झाली होती. या खेपेला पास झाली नाही, तर ट्रेनिंग बंद, असं अभिमनभाऊने बजावलेलं.

त्याच सुमारास शेजारची बकरी मेली आणि तिचं करडू माझ्या अंगाशी आणून सोडलं. मी सरळ लाथ मारली. खोटं कशाला बोलू? माझ्या दुधाला आधीच किती वाटेकरी! पण कमलबाईने माझी शिंगं धरून त्याला रोज पाजलं. माझंच दूध पिऊन पिऊन त्याच्या अंगाला माझाच वास यायला लागला. मग त्याला ढकलू तरी कशी? आपलं-परकं ते दूध पाजेपर्यंतच असतं.

हे मला कळलं, पण माणसांना कळेल तर शपथ. परीक्षा महिन्यावर आली आणि वेणूला गावी न्यायला झुंबरबाई उगवल्या.

"बठ्ठं तूच करशी का? परीक्षा दे, नहीते पोर सांभाळ. वेणूले मी गावले लई जास."

"आत्याबाई, मांडीवर घेतलेली पोर अशी उतरवून देतात का?" कमलबाईने वेणूला उचलून पोटाशी धरलं. "पास होईन नाहीतर नापास. पण वेणू जायची नाही."

रविवारी अभिमनभाऊ आला नि म्हणाला, "आई म्हणते तेच बरोबर." मिटलं! आणि वेणू जाणार म्हणजे दुधासाठी मीही जाणार. मला कुणी विचारलंच नाही.

झुंबरबाई एका हातात वेणू नि दुसऱ्या हातात माझं दावं धरून एसटी स्टँडवर निघाल्या. कंडक्टर म्हणाला, "बकरी टपावर." टपावर? मी? माझी करडं खोलीत बांधलेली! मी चारी पाय रोवले. हमालाने ओढलं, झुंबरबाईंनी ओढलं, लोक हसले. मी असा हिसडा मारला की दावं तुटलं, नि भर बाजारातून धावत खोलीवर आले. मागून झुंबरबाई शिव्या देत, कडेवर वेणू खिदळतेय. एसटी निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा.

शेवटी म्हातारी दमून ओट्यावर बसली. बकरी येत नाही, बकरीवाचून पोर जगत नाही. मग कोण राहणार? तीच राहिली! परीक्षा होईपर्यंत तिने भाकरी थापल्या, पोरं न्हाऊ घातली. कमलबाईने नदी विचारली की चुलीपासून ओरडायची, "पांझरा! आते पुरे कर!"

कमलबाई पास झाली. गल्लीभर पेढे वाटले. सासूने केलं म्हणून झालं, असं सगळे म्हणाले. माझ्या वाट्याला पेढ्यांचा कागद आला, तोही चिंधाने ओढून नेला.

त्याला आता दोनेक वर्षं झाली. कमलबाई मास्तरीण आहे. तिची धरणगावला बदली झालीय नि आज सामान लॉरीत भरतायत. मी म्हातारी, दूध आटलेली. अभिमनभाऊ आता उंटावरून नाही, लॉरीवरून हाकतोय. "बकरी राहू दे इथेच. छगन खाटीक घेऊन जाईल."

ऐकलंत? सगळ्या घराला पोसलं, त्याचं हे फळ!

चिंधा चढला, सुलू चढली. वेणू मात्र चढेना. चार वर्षांची पोर, रस्त्यात पाय रोवून उभी. अभिमनभाऊ खाली उतरून हात ओढतोय, ती मागे रेलून बोंब मारतेय, "बकरी पयले!"

झुंबरबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "ओढू नको रे भाऊ. बकरीनी पोर शे हाई!" बकरीचीच पोर आहे ही! म्हातारी पहिल्यांदाच खरं बोलली.

कमलबाई हातातला हंडा खाली ठेवून माझ्याकडे बघतेय. बघतेस काय, बाई? पांझरा, पांझरा, पांझरा! आलं ना उत्तर? मग सोड ते दावं. आणि या वेळी ओढायला हमाल नको. मी आपली आपण चढते.