आबांच्या खिशातले सहा आकडे

मित्रांनो, मी बटणांचा एक जुना मोबाइल आहे. माझ्यावरचा पाचाचा आकडा घासून पार पुसला आहे. यावलच्या शालिग्राम आबांच्या बंडीच्या खिशात माझं आयुष्य गेलं. केळीचा भाव विचारायला मी, मळ्यात अंधार पडला की बॅटरी लावायला मी. "हा कधी दगा देत नाही," असं आबा चारचौघांत सांगत आणि मी फुशारून जाई.

पुढे आबांची सून चारुलता हिने जळगावात, पिंप्राळ्याला, केळी पिकवायच्या थंड खोल्या उभारल्या. त्यांचा गारवा क्लाउडवरून चाले, म्हणजे कमी-जास्त करायचं ते ॲपमधून. भिंतीवरची बटणं काढूनच टाकली. कामगारांना हे शिकवायला यंत्रांच्या कंपनीचा माणूस येणार होता, पण हंगाम ऐन भरात होता. "मग पाहू," असं ठरलं, आणि ते 'मग' काही उजाडलं नाही. ॲपच्या खात्याला नंबर कोणाचा द्यायचा? घरातलं पहिलं नाव आबांचं, म्हणून माझा दिला. केवढा मान वाटला मला!

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी वीज गेली आणि आली. यंत्रं मात्र बंद ती बंदच. ॲपने चारुलताकडे ओळख मागितली आणि ओटीपीचे सहा आकडे माझ्या पडद्यावर आले. पाठोपाठ तिचा फोन.

"आबा, आत्ता आकडे आले ना, ते वाचून सांगा. खोल्या तापताहेत!"

"कोन बोलतंय?"

"मी चारू, आबा!"

"चारूचा आवाज काढते का? मले बँकवाल्यानं सांगेल हाये, आजकाल चोर घरच्यांचा आवाज काढतात. ठेव फोन!"

आबांचं तरी काय चुकलं? शेजारचे चुडामण नाना असेच फसले होते.

पिकायला लागलेली केळी आपोआप तापतात, मित्रांनो. खोल्यांत नव्या गिऱ्हाइकाचा पहिला गाडीभर माल होता. तो गेला तर धंदाच बसणार होता. कंपनीचं ऑफिस बंद. फोनवर तिच्या मागून कामावरची दिपमाला ओरडत होती, "ताई, माल मऊ पडतोय!" पुन्हा नवे आकडे, पुन्हा फोन, पुन्हा "ठेव फोन!" आकडे माझ्या पडद्यावर उभे होते आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार!

"खरी चारू असशीन त घरी ये," असं म्हणून आबांनी मला बंदच करून टाकलं.

भर उन्हात स्कूटरवर तापी ओलांडून ती आली. मला चालू करून तिने पुन्हा आकडे मागवले. ॲप म्हणालं, खूप वेळा प्रयत्न झाले, उद्या या. तेवढ्यात तिच्या मोबाइलवर दिपमालाचा रडका आवाज आला, "ताई, हात लावला की साल निघतंय. गाडीवाला रिकामा गेला."

आबा लांबूनच हसत म्हणाले, "पाय ना बाई, चोरांचे किती फोन आले, पन मी कोनाले आकडे सांगितले नाही. वाचला ना तुझा धंदा?"

"वाचला, आबा," ती म्हणाली आणि तोंड फिरवून पाणी प्यायली.

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा. पण ती चालवणाऱ्या माणसांना आधी शिकवा, आणि ज्यांचा नंबर मानाने देता त्यांनाही शेजारी बसवून समजावा. पिंप्राळ्याच्या खोल्यांना आता कुलूप आहे. आबा मात्र रोज मला धोतराच्या सोग्याने पुसतात आणि गावभर सांगतात, "सुनेचा धंदा म्या राखला."

त्यांना खरं कोणी सांगायचं?