दाराकडे सरकणारी खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. सुताराने मला एका कचेरीसाठी घडवले. पुढे तिथे चाकांच्या खुर्च्या आल्या आणि मी अडगळीत पडले. तिथून मला या पाळणाघरात आणले. इथले माझे काम वेगळेच आहे, मित्रांनो. नवे मूल आले की त्याच्या घरचे कोणीतरी माझ्यावर बसते. पहिल्या दिवशी मी सतरंजीला लागून असते. मग मुलाला सवय होत जावी म्हणून दादा मला रोज थोडी थोडी दाराकडे सरकवतो आणि शेवटी दाराबाहेर ठेवतो.

दादा म्हणजे इथला मुलांना सांभाळणारा. रुंद खांद्यांचा, दाढीवाला. सरकताना माझ्या आवाजाने कोणी जागे होऊ नये म्हणून त्याने माझ्या पायांना रबरी टोप्या बसवल्या. इतकी काळजी कचेरीत कोणी घेतली नव्हती.

एकदा एका चिमुरडीबरोबर तिचे आजोबा आले.

"बाई कुठे आहेत?"

"या खोलीत मीच असतो, आजोबा."

"तुम्ही? मग शी-शू कोण बघतं?"

"मीच. ती काही बाईंची वाट बघत थांबत नाही."

आजोबा हसले नाहीत. माझ्यावर ठाण मांडून बसले. चिमुरडी लवकरच खेळायला लागली, दादाच्या हातून केळेही खाऊ लागली. पण पुढचे काही दिवस आजोबा मला तसूभरही सरकवू देईनात. एका संध्याकाळी तिची आई न्यायला आली.

"बाबा, सोमवारी मला रुजू व्हायचंय. तुम्ही असे अडून बसलात तर नोकरीवर पाणी सोडावं लागेल."

"मग सोड. पुरुषाच्या भरवशावर पोर ठेवायची म्हणजे काय!"

दादा दुपट्यांच्या घड्या घालत होता. त्याने ऐकले आणि पुढचे दुपटे उचलले.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळी मुले झोपली. चिमुरडी मात्र डुलक्या घेई आणि दचकून माझ्याकडे बघे.

"बघा, तुमच्याकडे झोपत नाही ती," आजोबा कुजबुजले.

"तुम्ही निघून जाल अशी धास्ती आहे तिला," दादा हळूच म्हणाला. "झोप सोडून ती तुमच्यावर पहारा देतेय."

आजोबा बराच वेळ नातीकडे बघत राहिले. मग पावले न वाजवता दाराकडे निघाले.

"असे चोरून नका जाऊ, आजोबा. सांगून जा. रडेल, पण फसवलं असं वाटणार नाही."

आजोबा परत फिरून वाकले. "मी बाहेर बसतो, बाळा. संध्याकाळी आपण घरी जाऊ."

तिने भोकाड पसरले. दादाने तिला खांद्यावर घेतले. आजोबांनी मला स्वतः उचलून बाहेर ठेवले आणि माझी कड घट्ट धरून बसले. रडणे हुंदक्यांवर आले. मग दादाचे गुणगुणणे तेवढे ऐकू येऊ लागले. मग तेही थांबले. आजोबांची बोटे सैल पडली, पण त्यांनी आत डोकावून पाहिले नाही.

संध्याकाळी ते लेकीला म्हणाले, "सोमवारी जा तू. पोरगी चांगल्या हातात आहे."

मित्रांनो, तुम्हालाही कोणी असे खांद्यावर झोपवले असेल. कदाचित एखाद्या दादानेच. तेव्हा तुम्ही इतके लहान होता, की तो तुम्हाला आठवणार नाही. म्हणून तो कोण ते घरी विचारून ठेवा, आणि कधी रस्त्यात भेटलाच तर आपणहून हाक मारा.