स्थळ: धुळे, वेळ: रविवार दुपार

एकांकिकेच्या पहिल्या पानावर मी रीतसर लिहिलं होतं: ‘स्थळ: धुळे. हायवेलगतचा बंगला. वेळ: रविवार, दुपार. उजवीकडे दार, डावीकडे खिडकी. भिंतीवर बंद घड्याळ. मंद उजेड. घरात कोणी नाही.’ खाली स्पर्धेच्या हॉलचा पत्ता टाकला आणि पान डिंपलच्या मोबाइलवर पाठवलं.

डिंपल आमची नायिका. दुसरी मुलगी मिळत नव्हती. तिला पारोळ्याबाहेर एकटीला सोडत नाहीत, म्हणून परवानगी मागायला मी तिच्या घरी गेलो. मोबाइल तिच्या वडिलांच्या, लोटन आबांच्या हातात होता.

“बस नीलेश,” आबा म्हणाले. “तू धाडेल स्थळ वाचं. चांगलं शे.”

“आबा, ते नाटकाचं आहे.”

“नाटकं तं सगळाच करतस. पोऱ्यावाला, नवरदेवकडलाच तं करतस.” त्यांनी चष्मा वर सरकवला. “घरमा कोणी नही. म्हणजे सासू नही.”

आतून डिंपलची आई, बेबाबाई म्हणाल्या, “उजेड मंद शे म्हने. लाईटबिल कमी येत व्हई.”

डिंपलने आधीच सगळं समजावून सांगितलं होतं. ती लाजून तसं म्हणते, असं घरात ठरलं होतं.

“रविवारले सगळाच जाऊत,” आबा म्हणाले.

आबांचा गैरसमज दूर केला तर डिंपल येणार नव्हती. न केला तर येणार होती, सहकुटुंब.

रविवारी हॉलच्या मागच्या दाराने नटमंडळी आत जातात. डिंपलमागे आबा आले, आबांमागे बेबाबाई, त्यांच्यामागे लाडवांचा डबा घेऊन कोकिळा मावशी. रंगमंचावर उजवीकडे दार, डावीकडे खिडकी, भिंतीवर बंद घड्याळ. आबांनी सगळं पानाशी ताडून पाहिलं आणि तिघं सोफ्यावर बसले.

“आबा, उठा ना,” मी विंगेतून म्हणालो.

“पोऱ्या येऊ दे.”

तिसरी घंटा झाली. पडद्याची दोरी भूपेंद्रकडे होती. तो फक्त संहिता पाळतो. त्याने पडदा उघडला.

समोर परीक्षक. एकाने वहीत काहीतरी लिहून घेतलं. संहितेप्रमाणे पहिला प्रवेश माझा, म्हणजे नायकाचा होता. मी विंगेतून रंगमंचावर गेलो.

आबा माझ्याकडे बघत राहिले. “तूच का रे?”

संहितेत इथे सूचना होती: ‘तो काही बोलत नाही.’ मी ती पाळली.

“शेती किती?”

डिंपल ट्रे घेऊन उभी होती. तिचं पहिलं वाक्य माझ्या वाक्यानंतर होतं.

आबांनी माझ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. “पोऱ्या बोलत नही. घड्याळ बंद शे. चाल वं डिंपल.”

आणि तिला घेऊन ते उजवीकडच्या दाराने निघून गेले. मागोमाग बेबाबाई, मावशी, डबा.

माझ्या नाटकात ते दार एकदाच उघडतं, अगदी शेवटी. भूपेंद्रने ते उघडलेलं पाहिलं आणि पडदा पाडला.