पिवळ्या शालीतला पेत्र

मी एक जुनी प्रार्थनेची पोथी आहे, आणि मित्रांनो, माणसांच्या भक्तीपुढे मी अगदी हात टेकलेत! रुआँ शहरात वासराच्या कातड्यावर माझा जन्म झाला. आदाम-हव्वेपासून येशूच्या क्रुसापर्यंत सगळी कथा चिताऱ्याने माझ्यात रंगवली, कारण माझ्या मालकिणीला, गिलमेटबाईंना, वाचता येत नव्हतं.

सुरुवातीला काय कौतुक माझं! पण बाई रोज चित्रातल्या मरीयेचा, येशूच्या आईचा, मुका घ्यायच्या, तेही मासे खाऊन. चार वर्षांत मरीयेचं नाक गेलं. दुष्ट दिसला की टाचणी! सापाचे डोळे फोडले, तान्ह्या येशूच्या जिवावर उठलेल्या हेरोद राजाचे फोडले. आता सांगा, कातडं कुणाचं फाटतं?

येशूच्या शिष्यांसोबतच्या शेवटच्या भोजनाच्या चित्रात तर कहरच झाला. दगाबाज यहूदा पिवळ्या कपड्यात असतो, हे रुआँतलं शेंबडं पोरही सांगेल. पण आमच्या चिताऱ्याने पेत्रालाही पिवळी शाल पांघरली. बाईंनी पिवळं पाहिलं, "घे मेल्या!" म्हणाल्या आणि डोळे फोडून मोकळ्या. कुणाचे? ज्याच्या हाती स्वर्गाच्या किल्ल्या, त्या पेत्राचे! मला तोंड असतं तर ओरडले नसते का?

वीस वर्षांनी बाई अंथरुणाला खिळल्या. सासरहून लेक आली, कोलोंब. तिला अक्षरओळख होती.

"आई, हा यहूदा नव्हे गं. खाली पेत्र लिहिलंय."

"अगं बाई! आता स्वर्गाच्या दारात तोच उभा असणार. मला आत घेईल होय?"

बाईंनी अन्न सोडलं. शेवटचं पापनिवेदन ऐकायला आलेल्या पाद्रीबाबांनाही लाजेने दोनदा परत पाठवलं. तशाच गेल्या असत्या तर? माझा जीव टांगणीला लागला.

शेवटी कोलोंब चिडली. "आई, येशूला पकडून नेलं तेव्हा याच पेत्राने कोंबडा आरवायच्या आत तीनदा सांगितलं, मी त्याला ओळखत नाही. तरी किल्ल्या त्यालाच मिळाल्या! तुझी तर एक टाचणी."

बाई खुदकन हसल्या. "म्हणजे तोंड वर करून बोलायची सोय नाही त्याला! बोलाव बाबांना."

पाद्रीबाबांनी चित्र पाहिलं. "पिवळा आहे ना? मग यहूदाच! उगाच घाबरलात."

हात असता तर मी कपाळावर मारून घेतला असता.

"पेत्रच तो, बाबा," बाई म्हणाल्या. "माफी त्याचीच मागायचीय मला."

त्यांनी ती मागितली, आणि संध्याकाळी शांतपणे गेल्या.

मित्रांनो, हात धुऊन पुस्तक उघडा. आधी वाचा, मग चिडा. आणि चुकलंच तर अपराध ज्याचा केला, त्याचं नाव घेऊन माफी मागा.