मामाच्या डाव्या डोळ्याचा फोटो

माझा मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि मी डोळ्यांचे फोटो काढते. दोघांचं काम बारीक, दोघांची तोंडं तिखट. जेवायला बसलो की एकमेकांच्या चुका काढायची चढाओढ लागते. पण गेला महिनाभर मामाने माझी एकही चूक काढली नव्हती, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. शेवटी मामीने सांगितलं, की त्याला घड्याळाचे सरळ काटे वाकडे दिसतात. तेही डाव्या डोळ्याने, ज्याला तो भिंग लावतो.

त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात आणलं. साध्या स्कॅनमध्ये आमच्या डॉक्टर मॅडमना डोळ्याच्या आतला पडदा किंचित उचललेला दिसला. खाली नको त्या रक्तवाहिन्या उगवल्या असतील, तर लगेच उपाय करायला हवा, नाहीतर मधली नजर जाणार. नुसता वयाचा परिणाम असेल, तर औषधाचा काही उपयोग नाही. ठरवायचं तर रक्तवाहिन्या दिसायला हव्यात, आणि त्यासाठी हाताच्या शिरेतून रंग सोडून फोटो काढावे लागतात. तिथेच घोडं अडलं. तीन वर्षांपूर्वी एका तपासणीत त्याच रंगाने मामाच्या अंगभर गांधी उठल्या होत्या, ओकून ओकून जीव अर्धा झाला होता. मॅडम स्वतःच रंग नको म्हणाल्या. मामा तर तेव्हापासून सुईचं नाव काढलं तरी उठून चपला शोधतो.

आणि परवाच आमच्याकडे नवं मशीन आलं होतं. सुई नाही, रंग नाही. ते एकाच जागेवर लागोपाठ प्रकाश टाकतं. तेवढ्यात जे बदललं ते वाहतं रक्त, ते पांढरं उमटतं; बाकी सगळं काळं. दोन दिवस मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले होते. मामाला सांगितलं तर तोही खूश. म्हणाला, चालतंय तेवढं दिसतं आणि थांबलंय ते काळं, हे तर घड्याळजीचंच मशीन झालं.

पण पहिला फोटो बाद. हनुवटी टेकवायची, कपाळ पट्टीला लावायचं आणि काही सेकंद निळ्या फुलीकडे बघायचं, एवढंच काम. फोटोत मात्र पांढरे पट्टेच पट्टे. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्या वेळी मी असा आवाज चढवला, की बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावली. डोकं हलत नव्हतं, पापणी मिटत नव्हती, मग घोळ कुठे होता? चौथ्यांदा मी नुसती त्याच्या बुबुळाकडे बघत राहिले आणि कपाळावर हात मारून घेतला.

स्कॅन चालू असताना आत एक अंधुक लाल रेघ वरून खाली सरकते. मामाचा डोळा फुली सोडून तिच्या मागे मागे चालला होता. चाळीस वर्षं ज्याने चालती वस्तू कशी चालते एवढंच पाहिलं, तो सरकती रेघ कशी सोडेल? वर मलाच सांगतो, रेघ मध्यावर वाकते, मशीन तपासून घे. मशीन धड होतं. माझा राग तिथल्या तिथे उतरला.

मी खाली वाकले. "मामा, ती फुली नाही. तुझा सगळ्यात बारीक स्क्रू आहे. चिमट्यात धरलायस. नजर हटली की उडाला."

मामा स्तब्ध झाला. श्वाससुद्धा संथ झाला.

पाचवा फोटो स्क्रीनवर उमटला आणि मी खुर्चीतून उठलेच. ज्या थरात एकही रक्तवाहिनी नसते, जिथे सगळं काळं दिसायला हवं, तिथे पांढऱ्या धाग्यांचा एक लहानसा गुंता होता. स्वच्छ, टोकाटोकापर्यंत. अकरा वर्षांत रंगाशिवाय असं काही मी पाहिलं नव्हतं. सापडलं होतं, आणि ज्याला उपाय आहे तेच सापडलं होतं. मला इतका आनंद झाला, की मी मॅडमना बोलवायला अक्षरशः धावत सुटले. अर्ध्या वाटेत आठवलं, की उपाय म्हणजे सुई. थेट डोळ्यात.

मॅडमनी काही लपवलं नाही. आधी बधिर करणारे थेंब, मग औषधाचं इंजेक्शन, पुढे दर महिन्याला एक. आज सुरू केलं तर नजर टिकायची चांगली आशा आहे, म्हणाल्या. मामा स्टुलावरून उठला. मी चपलांकडे बघितलं. पण तो स्क्रीनपाशी गेला आणि उजव्या डोळ्याने बराच वेळ तो गुंता निरखत राहिला.

"हा भाग इथला नाही," तो म्हणाला.

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"मग आजच करा."

तासाभरात तो टेबलावर आडवा होता. चेहरा झाकलेला, फक्त डावा डोळा उघडा, पापण्या चापाने धरलेल्या. मॅडमनी त्याला डोक्याच्या बाजूला, वर बघायला सांगितलं. वर नुसती पांढरी भिंत.

"स्क्रू कुठाय?" त्याने विचारलं.

मी त्याच्या डोक्यामागे जाऊन उभी राहिले आणि बोट पुढे धरलं. त्याची नजर बोटाच्या टोकावर येऊन रुतली. मॅडमनी सुई उचलली. मामा तसूभर हलला नाही.

"बोट थरथरतंय तुझं," तो हळूच म्हणाला. "नीट धर. उडेल तो."